पिवळ्या खुर्चीची जागा

"ती नळी खाली ठेव टेडी. ठेव म्हनत्ये न्हवं!"

"तू आधी बाजूला हो. या गाडीचा बर्फाचा पुतळाच करतो. उन्हाळा आल्यावरच निघंल मग हितनं."

"अन् मग? गाडी हितंच चिकटली म्हंजी तुझ्या भैणीनं काय तिच्यावरनं उडी मारून घरात जायाचं? डोस्क्यात भुसा भरलाय का रं?"

टेडी कॉनरॉयचा हात नळीच्या तोंडावर तसाच राहिला. थंडीच्या दिवसांत अंगणातले नळ बंदच असतात. त्यामुळे पठ्ठ्याने नळी तळघरातल्या कपडे धुण्याच्या मोरीला लावली होती आणि खिडकीतून बाहेर काढून रस्ता ओलांडून आणली होती. म्हणजे नुसत्या रागाच्या भरात आलेला नव्हता, चांगली तयारी करून आला होता. तोंडातून वाफा निघत होत्या आणि नाक बिटाच्या फोडीसारखं झालं होतं. गाडीच्या मागच्या काचेवर भाड्याच्या कंपनीचा बिल्ला चिकटवलेला होता. त्याने नळीच्या टोकाने तो ठोकला.

"मला एकच सांग. भाड्याच्या गाडीतनं आपल्या गल्लीत कोन येतंय? अन् कुनाकडं येतंय?"

आल्डोना पेत्कुस एप्रनवरच कोट चढवून धावत आली होती, डोक्याला रुमालसुद्धा नव्हता. तिचं लक्ष फुटपाथकडे गेलं. मार्टी गॅव्हिगनच्या घराच्या भिंतीला टेकवून त्याची पिवळी खुर्ची नीट उभी केलेली होती. बसायच्या जागेवरचा बर्फही कुणीतरी झटकून ठेवला होता. ते बघूनच आल्डोनाला उमगलं. गल्लीतल्या माणसाने वैराने खुर्ची उचलली असती तर लाथेने उडवली असती. इतक्या अदबीने ती बाजूला ठेवणारा माणूस बाहेरचाच असणार, आणि बाहेरची माणसं तिच्याकडेच उतरत होती.

शिकागोच्या दक्षिण अंगाला, ब्रिजपोर्टात, बर्फ पडला की ज्याने जागा खणली त्याची जागा. नगरपालिकेचा नांगर रस्त्याच्या मधून जातो आणि सगळा बर्फ कडेच्या गाड्यांवर ढकलून देतो. तो फोडून, वाहून, सिमेंट लागेपर्यंत खोदून माणूस गाडीपुरती जागा काढतो, आणि गाडी घेऊन कामाला गेला की जागेत घरातलं काहीतरी मांडून जातो. अरेलानोंच्या जागेत मोडकी इस्त्रीची फळी असते. टेडीच्या जागेत दुधाचे दोन क्रेट आणि त्यावर आडवं लाकूड. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. पोलिसात तक्रार केली तर पोलीस हसतो, पण त्याच्या स्वतःच्या घरापुढेही खुर्ची असतेच. दुसऱ्याची खुर्ची कोणी हलवत नाही. हलवलीच तर मग हवा सोडलेली चाकं, ओरखडलेला पत्रा, नाहीतर अंगावर पाणी सोडून दगड केलेली गाडी, यातलं काहीतरी सकाळी पाहायला मिळतं. त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही आणि कोणी काही बघितलेलंही नसतं.

त्यातून मार्टीची ही जागा साधी नव्हती. त्याच्या बायकोच्या, म्हणजे टेडीच्या बहिणीच्या, पेगच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आज ती घरी यायची होती. डॉक्टरने बजावलं होतं, ही पुन्हा पडली तर उभी राहायची नाही. मार्टीचा जन्म शहराच्या गटारांत उतरून गेला होता. आता छातीत जाळी बसवलेली, खोरं हातात धरायला मनाई. तरी दोन दिवस खपून त्याने बरोबर आपल्या पायऱ्यांसमोरची जागा काढली होती. गाडीचं दार पूर्ण उघडेल, धरून चालायची काठीची चौकट मांडता येईल, अशी घराच्या बाजूला जास्तीची रुंदी ठेवली होती. मीठ टाकलं होतं. मधे कुणी मदतीला आला तर त्याला हाकलून दिलं होतं. सकाळची न्याहारी झाल्यावर खुर्ची मांडून तो बायकोला आणायला गेला होता. आणि आता त्याच जागेत एक चकचकीत निळी गाडी ऐसपैस बसली होती.

"तुझ्या पाव्हण्याचा फोन नंबर हाय न्हवं तुझ्याकडं?" टेडी म्हणाला. "लाव की मग. काय बगत बसलीस?"

आल्डोना घराकडे वळली. चालताना तिच्या कानात तिचेच शब्द घुमत होते.

तिचं घर गल्लीच्या कोपऱ्यावर. बाप लिथुआनियातून आला, कत्तलखान्यात राबला आणि हे विटांचं घर बांधून मेला. आल्डोना याच घरात जन्मली आणि चर्चच्या शाळेच्या स्वयंपाकघरात म्हातारी झाली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "शाळाभर पोरं जेवाय घातली, वरनं आनि एक कशाला?" हात मोठे, भाजल्याच्या खुणांनी भरलेले. शाळा बंद पडली तेव्हा पोट होतंच. मग तिने तळघर झाडून रंगवून घेतलं, पलंग टाकला आणि शहर बघायला येणाऱ्यांना भाड्याने द्यायला लागली. गल्लीला ते फारसं रुचलं नव्हतं. टेडी तर तोंडावर "हाटेलवाली" म्हणायचा. पण आल्डोनाचा पाहुणा कधी कुणाला नडला नव्हता, कारण बॅग ठेवली की ती त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायची, बटाटे किसून भाजलेल्या कुगेलिसचा चौकोन पुढे ठेवायची आणि तो खातोय तोवर शहर सांगायची.

"तळं कायम पूर्वेला. वारं तोंडावर आलं की समज, तळ्याकडं चाललायस. शहरात जायाचं तर नारिंगी लाइनची रेल्वे. फलाटावर भिंतीला बटन हाय, ते दाबलं की डोक्यावर शेगडी पेटती. तिच्याखाली उभा ऱ्हा, पर दुसऱ्यालाबी सरकू दे. पाकीट म्होरल्या खिशात. उंच इमारतींच्या कडंकडंनं चालू नको, वरनं बर्फाची ढेपळं पडत्यात, मानूस जागेवर जातो. सॉसेजच्या पावावर टोमॅटोचं सॉस मागू नको, म्हातारी मानसं तोंड फिरवत्यात. अन् हे असलं बोटं उघडी असल्यालं हातमोजं चालायचं न्हाईत. हे घे माझं."

सकाळी आलेल्या पाहुण्यालाही तिने हे सगळं सांगितलं होतं. कर्टिस हॅडली त्याचं नाव. गाव ऍरिझोनातलं, वाळवंटातलं. फरशा विकणाऱ्या कंपनीच्या प्रदर्शनाला आलेला आणि एक दिवस आधी शहर बघायला उतरलेला. बर्फ त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. विमानतळावरून त्याने फोन केला होता आणि आल्डोना म्हणाली होती, "माझ्या घराम्होरं लावू नगंस, तितं आगीच्या बंबाचा नळ हाय, दंड बसंल. सरळ पुढं ये. तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीया. खुर्ची दिसंल, ती उचलून बाजूला ठेव अन् खुशाल लाव."

खुर्ची दिसंल. एवढंच. कुठली खुर्ची ते तिने सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, ते सांगायचं असतं हेच तिच्या मनात आलं नाही. हिरव्या पट्ट्यांची बागेतली खुर्ची आल्डोना पेत्कुसची आणि पिवळ्या रेक्झिनची, एक पाय वाकडा असलेली मार्टी गॅव्हिगनची, हे या गल्लीत कुत्र्यालाही ठाऊक. तिची हिरवी खुर्ची गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, ओसाड पडलेल्या घरापुढे होती. पाहुण्याला वाटेत पिवळी आधी दिसली. सांगितल्यासारखं त्याने केलं. वर खुर्चीवरचा बर्फ झटकला.

स्वयंपाकघरात येऊन तिने भिंतीवरच्या फोनवरून त्याचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजायला लागली. आणि तिच्या पायांखाली, तळघरात, कसलंसं गिटार वाजायला लागलं.

फोन चार्जिंगला लावून पाहुणा गेला होता. गाडीची किल्ली खिशात, आणि तो या लाखो माणसांच्या शहरात. तिनेच सांगितलं होतं, दिवस बुडेपर्यंत हिंड, घाई करू नको.

ती पुन्हा बाहेर आली तेव्हा टेडी कानाला फोन लावून उभा होता. त्याने फोन खिशात टाकला.

"मार्टी निघालाय दवाखान्यातनं. पेग गाडीत बसलीय. पोचतीलच." मग हलक्या आवाजात म्हणाला, "त्याला सांगितलं न्हाई म्या. गाडी चालवतोय. छाती त्याची तसली."

"माझ्या जागंत लावंल की त्यो. हिरवी खुर्ची काढते मी."

"अन् पेग? त्या टोकापासनं हितवर चालंल? त्या वसाड घराम्होरला बर्फ बघितलास का? तरन्याताठ्याचं पाय निसटत्यात तितं." टेडीने नळी पुन्हा उचलली. "तुझ्या हाटेलापायी माझी भैण मरायची हाय, सांगून ठेवतो."

आल्डोनाने त्याच्याकडे पाठ केली. निळ्या गाडीच्या शेपटीमागे आणि मागे उभ्या गाडीच्या तोंडाआधी एक फट होती. माणूस आडवा होऊन जाईल एवढी. पण तिच्यात नांगराने ढकललेला बर्फ कमरेइतका थापलेला होता, धुराने काळा पडलेला आणि आतून दगड झालेला. फट सरळ मार्टीच्या पायऱ्यांच्या रोखाने जात होती. गाडीची जागा होणार नव्हती. माणसापुरती वाट झाली असती.

तिने घरातून पहार आणली. बापाची होती, तळघराचा पाया खणताना वापरलेली. कोट काढून तिने मार्टीच्या कठड्यावर टाकला आणि घाव घातला. बर्फाचं एक टरफल उडालं. दुसरा घाव, तिसरा. हाताला झिणझिण्या यायला लागल्या. वरचा थर फुटेना, फुटला तर पहार आत रुतून बसे आणि ती उपसायलाच जीव जाई. टेडी बघत उभा होता.

"संध्याकाळपतूर हुईल," तो म्हणाला.

"भैण तुझी का माझी?"

"गाडी कुनाच्या पाव्हण्याची?"

"माझ्या. म्हनून मी खांदत्ये. तू कशापायी उभा हायस? पाणी गोठाया लागलंय बघ नळीत तुझ्या."

टेडीने एक जोरकस शिवी दिली. ती आल्डोनाला होती, पाहुण्याला होती की थंडीला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. नळी तिथेच टाकून तो गेला आणि खोरं घेऊन आला. मग ती पहारीने फोडी आणि तो खोऱ्याने उपसून रस्त्यावर फेकी. अरेलानोंची लुपे खिडकीतून बघत होती. तिने मांजराच्या शीसाठी ठेवलेल्या वाळूचं पोतं आणून कठड्याशी टेकवलं. "मीठ संपलंय, हे टाका, पाय धरतो," एवढं बोलून ती परत गेली. या भानगडीत उभं राहायची तिची तयारी नव्हती.

वाट जेमतेम निम्मी झाली होती आणि तळाचं निबर अजून फुटायचं होतं, तोच मार्टीची लांबलचक जुनी गाडी कोपऱ्यावरून वळली.

ती हळू आली आणि निळ्या गाडीच्या शेजारी, रस्त्याच्या मधोमध थांबली. आत पेग उशीवर बसलेली, तोंड ओढलेलं. मार्टीने समोर बघितलं. मग फुटपाथवरच्या पिवळ्या खुर्चीकडे बघितलं. मग इंजिन बंद केलं. उतरला. काही न बोलता मागे गेला, डिकी उघडली आणि चाक खोलायचा लोखंडी दांडा बाहेर काढला.

"मार्टी," टेडी म्हणाला.

मार्टीने ऐकलं नाही. तो ओरडणाऱ्यातला माणूस नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तो निळ्या गाडीच्या काचेकडे शांतपणे चालला होता. आल्डोना पहार टाकून मधे आली.

"फोडायची तर फोड. पर आधी माझं ऐक. त्यो माझा पाव्हणा हाय. म्याच सांगितलं त्याला, खुर्ची उचल म्हनून."

मार्टी थांबला. "माजी?"

"न्हाई, माझी हिरवी. पर त्याला तुझी घावली."

"कंची उचलायची त्ये सांगितलं हुतंस?"

"न्हाई."

"पिवळी माजी हाय. सगळ्या दुनियेला ठावं हाय."

"त्याला न्हाई ठावं. त्यो वाळवंटातला हाय."

"दोन दिवस." मार्टीचा आवाज फाटला. "दोन दिवस खांदत हुतो मी, आल्डोना. हिच्यासाठी." दांडा वर गेला. टेडी पुढे सरकला, पण त्याचा हात धरावा की धरू नये हे त्याला कळेना. मार्टीच्या ओठांची कड निळी पडत चालली होती. आल्डोनाला ती दिसली आणि काचेची पर्वाच संपली. हा आता इथेच आडवा होतो की काय, एवढंच तिच्या मनात आलं.

गाडीच्या आतून काचेवर ठकठक झाली. पेगने काच खाली केली.

"मार्टी! मारामाऱ्या मागनं करा. मला मुताया लागलंय."

कुणीच हललं नाही.

"ऐकलंत का? दवाखान्यातनं निघताना त्या नर्सनं लोटाभर पाणी पाजलंय. हितं गाडीत झालं तर धुनार कोन? टेडी धुनार?"

टेडीने तोंड वळवलं. मार्टीचा हात हळूहळू खाली आला. त्याने दांडा निळ्या गाडीच्या टपावर ठेवला, फोडायला नव्हे तर हात मोकळा करायला, आणि बायकोच्या दाराकडे वळला. मागे पावाची व्हॅन येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. टेडी त्याच्याकडे असा बघत राहिला की त्याने भोंग्यावरचा हात काढून घेतला.

आल्डोनाने पहार उचलली. आता जोर काढायचा नाही, नेमकं मारायचं. तळाचं निबर तिने खाचा पाडून खरबरीत केलं. टेडीने वाळूचं पोतं फाडून सगळं ओतलं. पेगची काठीची चौकट त्या फटीत मावेना. आडवी धरली तर गाडीला अडके, उभी धरली तर टेकायला जागा नाही.

"चौकट ऱ्हाऊ दे," आल्डोना म्हणाली. "माझं हात धर. मी माघारी चालत्ये. मार्टी, तू तिच्या मागं. कंबर धर, वढू नकोस."

"तुझ्यावर इस्वास ठेवू व्हय आता?" मार्टी म्हणाला.

"माझ्यावर ठेवू नकोस. हातावर ठेव. डेगच्या उचलल्यात या हातांनी."

पेगने तिचे हात धरले. पेगच्या मुठी थंड आणि घट्ट होत्या. आल्डोना उलटी पावलं टाकत मागे सरायला लागली. डाव्या अंगाला निळा पत्रा, उजव्या अंगाला दुसऱ्या गाडीचं तोंड. पेग एक पाऊल टाकी आणि थांबे, पुन्हा एक पाऊल टाकी. फुटपाथ हाताच्या अंतरावर आला असेल नसेल, पेगच्या बुटाखालची वाळू सरकली. पाय बाहेरच्या बाजूला गेला, ऑपरेशनचा. तिच्या तोंडातून बारीकसा आवाज निघाला.

आल्डोनाने हात सोडले नाहीत. ती जागच्या जागी खाली बसली, गुडघ्यावर, दगडासारख्या त्या बर्फावर, आणि आपल्या मांडीचा टेकू पेगच्या घसरत्या बुटाला दिला. बूट मांडीवर येऊन थांबला. मागून मार्टीने कंबर आवळली होती. तिघंही तशीच राहिली, एकमेकांत अडकलेली.

"पडले का मी?" पेगने विचारलं.

"न्हाई."

"मग हाला की. थांबवत न्हाई मला."

पायऱ्यांशी आल्यावर पेगच सांगायला लागली, दवाखान्यात शिकवलेलं. "वर जाताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट. चांगला सर्गात, वाईट नरकात. असं म्हनत हुती ती पोरगी." चांगला पाय, मग वाईट. चांगला, मग वाईट. दार उघडलं, ती आत गेली आणि दार लागलं.

आल्डोना कठड्याला धरून उभी राहिली. तिचा गुडघा आतून ठणकत होता. टेडीने नळी उचलायला घेतली, तर ती काठीसारखी ताठ झालेली. रस्ताभर खडखडत त्याने ती ओढत नेली. लुपेच्या खिडकीतला पडदा पडला.

थोड्या वेळाने मार्टी बाहेर आला. पावाची व्हॅन अजून त्याच्या गाडीमागे अडकलेली होती.

"कुटं लावू?" त्याने विचारलं. तिच्याकडे बघून नव्हे, रस्त्याकडे बघून.

खुर्चीला हात तिच्या मालकाशिवाय दुसरं कुणी लावत नाही. आल्डोना लंगडत गल्लीच्या टोकापर्यंत गेली, हिरवी खुर्ची उचलून काखोटीला मारली आणि बाजूला झाली. मार्टीने तिच्या जागेत गाडी घातली. उतरून तिच्या शेजारून तो घरी चालत गेला.

उजेड पिवळसर व्हायला लागला तेव्हा कर्टिस हॅडली स्टेशनाच्या बाजूने आला. नाक लाल, तोंडावर हसू आणि हातात आल्डोनाचे हातमोजे. टेडी आपल्या पायऱ्यांवर बसून होता. तो उठला. पण आल्डोना कोपऱ्यावरच उभी होती.

"मिस पेत्कुस! तळं गोठलंय, तुम्ही म्हणालात तसं! आणि ती फलाटावरची शेगडी..."

"हसू नगंस. आधी ऐक."

तिने सांगितलं. थोडक्यात आणि काही न वगळता, स्वतःची चूक आधी. कर्टिसचं हसू गेलं. त्याने निळ्या गाडीकडे बघितलं, मागची खणलेली फट बघितली, टपावरचा लोखंडी दांडा बघितला.

"देवा. मला वाटलं, सगळ्या खुर्च्या तुमच्याच. मी... त्यांना काही पैसे..." त्याचा हात खिशाकडे गेला.

"पाकीट आत ठेव. पैसं दाखवलंस तर दांडा तुझ्या डोक्यात घालंल. गाडी काढ, त्याची जागा त्याला दे, अन् दारात जाऊन सांग, चुकलं म्हनून. जास्ती बोलू नकोस."

तो गेला. आल्डोना आपल्या फाटकाशीच थांबली. एवढं त्याचं त्याला करायला हवं होतं. टेडीही रस्त्यापलीकडे उभा, हात खिशात. दार उघडलं. कर्टिस बोलताना दिसला, टोपी हातात धरून. मार्टी ऐकत होता. मग दोघं रस्त्यावर आले. निळी गाडी बाहेर निघाली, मार्टीची आत आली. निळी गाडी लांब टोकाच्या जागेत गेली आणि कर्टिस चालत परत आला. मार्टी टपावरून काढून घेतलेला दांडा डिकीत टाकत होता.

"कुटला म्हनालास तू?" त्याने विचारलं.

"ऍरिझोना, सर."

"तिकडं खुर्च्यांचं काय करता?"

कर्टिस गोंधळला. "बसतो."

मार्टीने डिकी आपटून लावली. "हं," म्हणाला. पिवळी खुर्ची उचलून घेतली आणि पायऱ्या चढला. दाराशी थांबून, मागे न वळता, मोठ्याने म्हणाला, "पेग इचारतीया, गुडघ्याला काय लागलं का म्हनून."

गल्लीभर ऐकू गेलं. ते कुणाला विचारलं होतं, तेही सगळ्यांना कळलं.

"तिला सांग, न्हाई," आल्डोना म्हणाली.

दार लागलं. गुडघा एव्हाना भोपळ्याएवढा सुजला होता. उद्या सकाळी टेनेसीहून एक कुटुंब यायचं होतं, वरच्या मजल्यावरची रिकामी खोली त्यांना द्यायची होती. आल्डोनाने कर्टिसला सांगितलं, गॅसवर बटाट्याचं सूप हाय, गरम करून घे, भांडं धुऊन ठेव. मग चादरींची टोपली कमरेवर घेतली आणि कठडा धरत, वाईट पाय आधी टाकत, तळघरातल्या मशीनकडे उतरली.